दृश्य कार्यरत स्मृती आणि अवधान : परस्परसंबंधाच्या शोधाचा इतिहास

प्रस्तावना

समोरचे दृश्य डोळ्यांआड झाल्यानंतरही काही क्षण ते मनात टिकून राहते. रस्ता ओलांडताना उजवीकडून येणारे वाहन पाहून मान डावीकडे वळवली, तरी त्या वाहनाचे स्थान मनातून जात नाही. फळ्यावरील आकृती वहीत उतरवताना विद्यार्थ्याची नजर वहीकडे वळते आणि तेवढ्या वेळात आकृतीचा एखादा भाग त्याने मनात धरून ठेवलेला असतो. दृश्य माहिती अल्पकाळ मनात धरून ठेवून तिचा चालू कामासाठी उपयोग करणाऱ्या या यंत्रणेस मानसशास्त्रात 'दृश्य कार्यरत स्मृती' असे म्हटले जाते. अनेक गोष्टींतून काहींची निवड करणे आणि उरलेल्यांकडे दुर्लक्ष करणे या प्रक्रियेस 'अवधान' ही संज्ञा आहे.

या दोहोंच्या संबंधाविषयीची सर्वसाधारण समजूत सोपी आहे. अवधान हे दार आणि स्मृती ही खोली. ज्याकडे लक्ष दिले ते दारातून आत आले आणि आत आल्यावर दाराचे काम संपले, अशी ती समजूत होय. दीडशे वर्षांहून अधिक काळ चाललेल्या संशोधनाचा इतिहास पाहता ही समजूत अपुरी ठरते. खोली किती मोठी आहे हे मोजण्यासाठी काढलेला आकडा हळूहळू दारावरील नियंत्रणाचेही माप ठरत गेला, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. या बदलाचा परिणाम प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. 'या विद्यार्थ्याच्या डोक्यात फारसे राहत नाही' असे शिक्षक जेव्हा म्हणतात, तेव्हा त्या विधानाचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न या इतिहासाने नव्याने उभा केला आहे.

'अवधान' या शब्दाची व्याप्ती

मराठी वाचकाच्या दृष्टीने या विषयाची सुरुवात भाषेपासून करणे उचित ठरेल. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात. तेथे शब्दाचा अर्थ एकाग्र लक्ष असा आहे. मात्र संस्कृत, तेलुगू आणि कन्नड काव्यपरंपरेतील अष्टावधानी किंवा शतावधानी ही व्यक्ती अनेक पृच्छकांचे प्रश्न एकाच वेळी मनात धरून, मध्येच येणारे व्यत्यय बाजूला सारून प्रत्येकाचे उत्तर पूर्ण करणारी असते. मुंबईत १८८० च्या दशकात श्रीमद् राजचंद्र यांचे शतावधानाचे प्रयोग गाजले होते आणि गांधीजींनी आत्मचरित्रात त्यांच्या या शक्तीचा उल्लेख केला आहे. येथे 'अवधान' म्हणजे केवळ लक्ष नव्हे, तर लक्ष आणि धारणा यांचा संयोग होय. एका शब्दात परंपरेने जे एकत्र ठेवले होते, ते पाश्चात्त्य मानसशास्त्रात प्रथम एकत्र होते, नंतर वेगळे झाले आणि अलीकडच्या काळात पुन्हा जवळ आले. हा प्रवास पुढे क्रमाने पाहू.

एकोणिसावे शतक : एकच प्रश्न

स्कॉटिश तत्त्वज्ञ विल्यम हॅमिल्टन यांची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर १८५९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत त्यांनी एक साधा प्रयोग सुचविला आहे. मूठभर गोट्या जमिनीवर टाकल्या, तर गोंधळ न होता सहा किंवा फार तर सात गोट्या एका वेळी पाहता येतात. मात्र त्यांचे दोन-दोन, तीन-तीन असे गट केले, तर तितकेच गट मनात सामावतात, कारण मन प्रत्येक गटास एक एकक मानते, असेही त्यांनी नोंदविले.

अर्थशास्त्रज्ञ व तर्कशास्त्रज्ञ स्टॅन्ली जेव्हन्स यांनी हा प्रश्न प्रत्यक्ष मोजमापाने तपासला. १८७१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी आपल्या प्रयोगाचा वृत्तांत दिला. काळ्या तबकात ठेवलेल्या एका लहान गोल पेटीच्या दिशेने ते घेवड्याच्या बिया टाकत आणि पेटीत पडलेल्या बियांची संख्या एका दृष्टिक्षेपात सांगत. नंतर मोजून पडताळा घेत. असे १०२७ प्रयत्न त्यांनी केले. चार बियांपर्यंत त्यांची एकही चूक झाली नाही. पाच बियांपासून चुका सुरू झाल्या आणि संख्येबरोबर वाढत गेल्या. चार हा आकडा या विषयाच्या इतिहासात येथे प्रथम स्पष्टपणे दिसतो.

याच काळात जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी अवधानाची दुसरी बाजू उजेडात आणली. अंधारात ठेवलेल्या अक्षरांच्या पटावर विद्युत्-ठिणगीचा क्षणिक प्रकाश पाडला, तर सर्व अक्षरे वाचता येत नाहीत. परंतु नजर एका बिंदूवर स्थिर ठेवूनही मनाने पटाच्या एखाद्या भागाकडे आधीच लक्ष वळविले असेल, तर ठिणगी पडताच त्या भागातील अक्षरे ओळखता येतात. ठिणगी इतकी क्षणिक असते की तेवढ्यात डोळा हलणे शक्य नसते. त्यामुळे अवधान हे नजरेहून वेगळे असून इच्छेने हलविता येते, हे स्पष्ट झाले.

लायप्झिग येथे विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये स्थापन केलेल्या प्रयोगशाळेत जेम्स कॅटेल यांनी १८८० च्या दशकात क्षणभर अक्षरे दाखविणाऱ्या उपकरणाने प्रयोग केले. एका वेळी साधारणपणे चार ते पाच सुटी अक्षरे टिपता येतात, असे त्यांना आढळले. या साऱ्या अभ्यासकांच्या दृष्टीने 'किती दिसले', 'किती लक्षात राहिले' आणि 'कशाकडे लक्ष होते' हे तीन स्वतंत्र प्रश्न नव्हते. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसशास्त्राच्या बृहद्ग्रंथात मात्र अवधान आणि स्मृती यांना वेगवेगळी प्रकरणे मिळाली. जाणिवेत अजून शिल्लक असलेल्या ताज्या अनुभवास त्यांनी 'प्राथमिक स्मृती' असे नाव दिले. पुढील अभ्यासाची विभागणी या मांडणीशी जुळणारी ठरली.

दोन स्वतंत्र वाटा

१९१३ मध्ये जॉन वॉटसन यांनी वर्तनवादाचा पुरस्कार केल्यानंतर अमेरिकन मानसशास्त्रात मनोव्यापारांचा अभ्यास काही दशके मागे पडला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो परतला, तेव्हा स्मृती आणि अवधान यांचे अभ्यासक वेगळ्या वाटांनी निघाले होते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात तात्कालिक स्मृतीची मर्यादा सात एककांच्या आसपास असल्याचे मांडले आणि एककांचे गट करून ती वाढविता येते हे दाखविले. १९५८ मध्ये डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी अवधानाची गाळणी ही कल्पना मांडली. ज्ञानेंद्रियांकडून येणारी माहिती एका मर्यादित मार्गातून जाते आणि त्या मार्गाच्या तोंडाशी निवड होते, असे त्यांचे म्हणणे होते. एका वाटेवर साठ्याचे मोजमाप झाले, तर दुसऱ्या वाटेवर निवडीचे.

या विभागणीत जॉर्ज स्पर्लिंग यांचा १९६० चा प्रयोग विशेष महत्त्वाचा आहे. त्यांनी तीन ओळींत मांडलेली बारा अक्षरे सेकंदाच्या विसाव्या भागापुरती दाखविली. सर्व अक्षरे सांगण्यास सांगितले असता प्रयुक्त व्यक्ती चार-पाच अक्षरे सांगत. मग दृश्य नाहीसे झाल्यावर उंच, मध्यम किंवा खालचा स्वर ऐकवून केवळ वरची, मधली किंवा खालची ओळ विचारण्यात आली. तेव्हा चारपैकी सुमारे तीन अक्षरे बरोबर येत. कोणती ओळ विचारली जाणार हे आधी ठाऊक नसल्याने, त्या क्षणी बारापैकी सुमारे नऊ अक्षरे मनात उपलब्ध होती, असे अनुमान निघाले. स्वर देण्यास विलंब केला की हा लाभ झपाट्याने घटे आणि एका सेकंदाच्या आत जवळजवळ नाहीसा होई. १९६७ मध्ये उल्रिक नायसर यांनी या क्षणजीवी साठ्यास 'प्रतिमा-स्मृती' या अर्थाचे नाव दिले.

हा प्रयोग पाठ्यपुस्तकांत साठ्याचा प्रयोग म्हणून शिकविला जातो. परंतु त्यातील स्वर हा अवधानाचा आदेश होता आणि तो दृश्य गेल्यानंतर दिला गेला होता. नाहीशा झालेल्या दृश्यावर मनाने लक्ष वळविता येते, ही बाब त्यात अनुस्यूत होती. तिचे पूर्ण महत्त्व लक्षात येण्यास चार दशके जावी लागली.

'कार्यरत स्मृती' हा शब्दप्रयोग १९६० मध्ये मिलर, गॅलंटर आणि प्रिब्रम यांच्या ग्रंथात आला. त्यास सिद्धांताचे रूप अ‍ॅलन बॅडले आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये दिले. शब्दांसाठी एक आणि दृश्य व स्थानविषयक माहितीसाठी दुसरी अशा दोन साहाय्यक व्यवस्था आणि त्यांवर देखरेख करणारा 'केंद्रीय कार्यवाह' असे त्यांचे प्रतिमान होते. दृश्य व्यवस्थेस त्यांनी चित्रकाराच्या कच्च्या वहीची उपमा दिली. १९८६ मध्ये बॅडले यांनी केंद्रीय कार्यवाहाचे स्वरूप स्पष्ट करताना नॉर्मन व शॅलिस यांनी मांडलेल्या अवधानाच्या पर्यवेक्षक यंत्रणेचा आधार घेतला. म्हणजे स्मृतीच्या प्रतिमानात अवधानाला स्थान मिळाले, पण अधिकाऱ्याच्या रूपाने. वही वेगळी आणि ती चाळणारा वेगळा, ही विभागणी कायम राहिली.

त्याच १९७४ साली विल्यम फिलिप्स यांनी काळ्या-पांढऱ्या चौकटींचे नमुने एकापाठोपाठ दाखवून दोन्ही सारखे आहेत की नाहीत हे विचारले. फार थोडा अंतराल असताना क्लिष्ट नमुन्यांतील बदलही ओळखता येत. अंतराल वाढला की साध्या नमुन्यांतील बदलच ओळखता येत, परंतु ही ओळख कित्येक सेकंद टिके. क्षणजीवी प्रतिमा आणि मर्यादित पण टिकाऊ दृश्य स्मृती या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यामुळे सिद्ध झाले. पुढील काळात या विषयाचे मुख्य साधन ठरलेली 'बदल ओळखण्याची कसोटी' हिचे मूळ या प्रयोगात आहे.

अवधानाच्या क्षेत्रात १९८० हे वर्ष लक्षणीय ठरले. मायकेल पोस्नर यांनी नजर न हलविता इशाऱ्यानुसार अवधान वळविल्यास प्रतिसाद जलद होतो, हे मोजून दाखविले. त्याच वर्षी अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी गेलेड यांनी असा सिद्धांत मांडला की रंग, आकार, दिशा ही वैशिष्ट्ये प्रथम सुटी नोंदली जातात आणि अवधानामुळेच ती एका वस्तूत बांधली जातात.

'चार' या आकड्याचे पुनरागमन

१९९७ मध्ये स्टीव्हन लक आणि एडवर्ड व्होगेल यांनी 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रंगीत चौकोनांचा समूह सेकंदाच्या दहाव्या भागापुरता दाखविला. सुमारे एका सेकंदानंतर तोच समूह, कधी तसाच तर कधी एका चौकोनाचा रंग बदलून, पुन्हा दाखविला. एक ते तीन चौकोनांपर्यंत उत्तरे जवळजवळ अचूक होती. चारपासून बारापर्यंत अचूकता सतत घटत गेली. हिशेब करता सुमारे चार वस्तूंची मर्यादा निघाली. याहून लक्षवेधी निष्कर्ष असा की प्रत्येक वस्तूचा रंग आणि दिशा असे दोन गुण लक्षात ठेवायचे असले, तरी वस्तूंची मर्यादा कमी झाली नाही. स्मृतीचे एकक सुटे वैशिष्ट्य नसून संपूर्ण वस्तू आहे, असे यावरून मांडण्यात आले. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी विविध क्षेत्रांतील पुराव्यांचा आढावा घेऊन, उजळणी व गटबांधणी यांना वाव नसेल तेव्हा मर्यादा सात नसून सुमारे चार असते आणि ती अवधानाच्या केंद्राची मर्यादा आहे, असे प्रतिपादन केले. जेव्हन्स यांच्या पेटीतील चार बिया अशा रीतीने सव्वाशे वर्षांनी परतल्या.

लक आणि व्होगेल यांच्या निष्कर्षास ट्रीझमन यांच्याकडूनच उत्तर मिळाले. मेरी व्हीलर यांच्यासह २००२ मध्ये केलेल्या अभ्यासात त्यांनी दाखविले की कोणता रंग कोणत्या आकाराचा होता ही जोडणी सुट्या वैशिष्ट्यांच्या मानाने अधिक सहज निसटते. वस्तू पाहताना तिचे गुण बांधण्यासाठी अवधान लागते. ती बांधणी स्मृतीत टिकविण्यासाठीही ते लागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर मतभेद झाले. तथापि आत आलेल्या गोष्टीला नंतरही अवधानाची गरज असते का, हा प्रश्न त्यामुळे चर्चेत आला.

याच सुमारास अवधान नसेल तर काय घडते, याचे प्रत्ययकारी पुरावे समोर आले. १९९७ मध्ये रोनाल्ड रेन्सिंक व सहकाऱ्यांनी दोन जवळजवळ सारखी छायाचित्रे, मध्ये क्षणभर कोरा पडदा ठेवून, आलटून पालटून दाखविली. चित्रातील मोठा बदलही पाहणाऱ्यास बराच वेळ सापडत नसे. चित्राच्या विषयाशी निगडित बदल त्यामानाने लवकर सापडत. १९९८ मध्ये डॅनिएल सायमन्स आणि डॅनिएल लेव्हिन यांनी विद्यापीठाच्या आवारात एका संशोधकास वाटसरूंना रस्ता विचारण्यास सांगितले. संभाषण चालू असताना दोघांच्या मधून काही जण एक दरवाजा उचलून नेत आणि त्याआड विचारणारी व्यक्ती बदलली जाई. सुमारे निम्म्या वाटसरूंना हा बदल लक्षात आला नाही. समोरचे सारे दृश्य मनात साठलेले असते ही भावना किती फसवी आहे, हे या प्रयोगांनी दाखवून दिले.

चेतापेशींची साक्ष

दुसरीकडे मेंदूविज्ञानातही हाच पेच आकार घेत होता. १९७१ मध्ये हुआकीन फुस्टर व गॅरेट अलेक्झांडर यांनी आणि स्वतंत्रपणे जपानमधील कुबोता व निकी यांनी माकडांच्या मेंदूतील कपाळामागच्या, म्हणजे पूर्वललाटीय भागातील चेतापेशींची नोंद घेतली. इशारा नाहीसा झाल्यावर, प्रतिसादाची वेळ येईपर्यंतच्या मधल्या काळात काही पेशी सतत क्रियाशील राहतात, असे दिसून आले. १९८९ मध्ये फुनाहाशी, ब्रूस आणि पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी दाखविले की ठरावीक पेशी ठरावीक स्थान स्मरणात असतानाच क्रियाशील राहतात. या पेशी 'स्मृतीच्या पेशी' म्हणून प्रसिद्ध झाल्या.

परंतु माकडाला जे स्थान लक्षात ठेवायचे असते त्याच स्थानाकडे त्याचे अवधानही असते. मग ती पेशी कशाची खूण आहे? २००४ मध्ये मिखाइल लेबेडेव्ह, स्टीव्हन वाइझ आणि सहकाऱ्यांनी ही गाठ उकलण्यासाठी असा प्रयोग रचला की माकडाने एक स्थान लक्षात ठेवावे आणि त्याच वेळी अवधान दुसऱ्या स्थानी द्यावे. स्थानानुसार प्रतिसाद देणाऱ्या पूर्वललाटीय पेशींपैकी बहुसंख्य पेशी अवधानाच्या स्थानाशी निगडित निघाल्या. केवळ स्मरणातील स्थानाशी निगडित असलेल्या थोड्या होत्या. तीन दशके ज्यास स्मृतीचा पुरावा मानले होते, त्यातील मोठा वाटा अवधानाचा असू शकतो, हे यावरून सूचित झाले.

उलट दिशेचा पुरावाही उपलब्ध होता. १९९३ मध्ये लिओनार्डो केलात्सी व सहकाऱ्यांनी माकडास आधी एक चित्र दाखविले आणि काही वेळाने दोन चित्रांतून तेच शोधण्यास लावले. शोधावयाच्या चित्रास प्रतिसाद देणाऱ्या पेशी मधल्या काळातही अधिक क्रियाशील राहिल्या. दोन चित्रे समोर येताच प्रथम दोन्हींना प्रतिसाद मिळाला. मात्र अल्पावधीतच नको असलेल्या चित्राचा प्रतिसाद दबला. या आधारे रॉबर्ट डेसिमोन आणि जॉन डंकन यांनी १९९५ मध्ये 'झुकत्या स्पर्धे'चा सिद्धांत मांडला. दृश्यातील वस्तू मेंदूत एकमेकींशी स्पर्धा करतात आणि कार्यरत स्मृतीत जे धरलेले असते ते या स्पर्धेचे पारडे झुकविते. गर्दीत ओळखीचा चेहरा शोधणारा मनुष्य अवधान देतो ते मनात धरलेल्या चेहऱ्याच्या आधारे. याचा अर्थ असा की अवधान स्मृतीत काय जावे हे ठरविते, तशी स्मृतीही अवधान कोठे जावे हे ठरविते. २००० मध्ये पॉल डाउनिंग यांनी आणि २००५ मध्ये डेव्हिड सोटो व सहकाऱ्यांनी मानवी प्रयोगांत, मनात धरलेल्या वस्तूसारखी वस्तू दिसताच अवधान तिकडे ओढले जाते, हे दाखविले.

मागे वळून दिलेले अवधान

दाराच्या कल्पनेला सर्वांत मोठा धक्का २००३ मध्ये बसला. आयव्हन ग्रिफिन व अ‍ॅना क्रिस्टिना नोब्रे यांनी आणि स्वतंत्रपणे लँडमन, स्पेक्राइसे व लाम यांनी दृश्य नाहीसे झाल्यानंतर, परंतु कसोटीच्या आधी, एका स्थानाकडे इशारा दिला. हा इशारा सेकंदाहून अधिक उशिरा, म्हणजे स्पर्लिंग यांची क्षणजीवी प्रतिमा विरून गेल्यानंतर दिला, तरीही त्या स्थानीची वस्तू अधिक चांगली आठवत होती. डोळ्यांसमोर काहीच नसताना इशारा मिळत असल्याने नवी माहिती आत येणे शक्य नव्हते. स्मृतीच्या आतच अवधान फिरत होते.

२०१९ मध्ये फ्रीक फान एडे, चेक्रूड आणि नोब्रे यांनी या अंतर्गत अवधानाची शारीरिक खूण दाखविली. मनातील एखाद्या वस्तूकडे लक्ष वळविले की, ती वस्तू पूर्वी पडद्याच्या ज्या बाजूस होती त्या दिशेने डोळे अत्यंत सूक्ष्म प्रमाणात झुकतात; मग पडदा रिकामा असला आणि उत्तरासाठी स्थानाची गरज नसली तरी. २००९ मध्ये स्टेफनी हॅरिसन आणि फ्रँक टाँग यांनी चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकनाच्या साहाय्याने, मनात धरलेल्या रेषांची दिशा मेंदूच्या अगदी प्रारंभिक दृश्य क्षेत्रांतूनही ओळखता येते, असे सिद्ध केले होते. या निष्कर्षांनी 'कच्ची वही' ही उपमा सैल झाली. पाहण्यासाठी असलेली यंत्रणाच अवधानाच्या साहाय्याने काही काळ धरून ठेवण्याचे काम करते, हा विचार बळावला. २०२१ मध्ये पॅनिचेलो आणि बुशमन यांनी माकडांच्या पूर्वललाटीय भागात असे दाखविले की समोरच्या वस्तूंतून निवड करताना आणि स्मरणातील वस्तूंतून निवड करताना चेतापेशींच्या क्रियेत सामाईक स्वरूप आढळते.

गाळणीचा दोष की जागेचा अभाव?

२००४ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. व्होगेल व माचिझावा यांनी डोक्यावरून नोंदविलेल्या विद्युत्-लहरींत, तर टॉड व मारुआ यांनी पार्श्विका खंडातील क्रियेत अशी खूण शोधली की जी मनातील वस्तूंच्या संख्येबरोबर वाढते आणि तीन-चार वस्तूंनंतर स्थिरावते. मनात एका क्षणी किती वस्तू आहेत हे बाहेरून मोजण्याचे साधन त्यामुळे उपलब्ध झाले.

या साधनाचा सर्वांत अर्थपूर्ण उपयोग व्होगेल, मॅककॉलो आणि माचिझावा यांनी २००५ मध्ये केला. पडद्यावर लाल आणि निळ्या पट्ट्या दाखवून केवळ लाल पट्ट्या लक्षात ठेवण्यास सांगण्यात आले. एरवीच्या कसोटीत ज्यांची क्षमता अधिक आढळली होती, त्यांच्या मेंदूतील लहर दोन लाल व दोन निळ्या पट्ट्या असताना केवळ दोन वस्तूंइतकी होती. त्यांनी निळ्या पट्ट्या बाहेरच ठेवल्या होत्या. ज्यांची क्षमता कमी आढळली होती, त्यांच्यात ती लहर चार वस्तूंइतकी होती. म्हणजे 'कमी क्षमतेच्या' व्यक्तींच्या मनात त्या वेळी प्रत्यक्षात अधिक गोष्टी होत्या. फक्त त्यांतील निम्म्या निरुपयोगी होत्या. २००८ मध्ये फिओना मॅकनॅब आणि टॉर्केल क्लिंगबर्ग यांनी या प्रवेश-नियंत्रणाशी पूर्वललाटीय भाग आणि मेंदूच्या खोल भागातील तलस्थ गंडिका यांचा संबंध दाखविला.

या निष्कर्षाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. घर लहान असणे आणि घरात अडगळ भरलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहुण्यांना बसायला जागा नाही हा परिणाम दोन्हीकडे सारखाच; उपाय मात्र वेगळा. तथापि या एका प्रयोगावरून सर्व व्यक्तिभेद गाळणीचेच आहेत, असे म्हणणे अतिव्याप्त ठरेल. २००८ मध्ये बेज व हुसेन यांनी मर्यादा ठरावीक कप्प्यांची नसून वाटून दिल्या जाणाऱ्या साधनाची आहे, असे मांडले. वस्तू वाढल्या की प्रत्येकीची अचूकता घटते आणि जिच्याकडे अवधान असते तिला मोठा वाटा मिळतो. त्याच वर्षी झँग व लक यांनी मोजक्या कप्प्यांच्या बाजूने पुरावा दिला. हा वाद आजही पूर्णतः मिटलेला नाही. अवधान नसतानाही काही माहिती अक्रिय स्वरूपात टिकून राहते आणि गरज पडताच परत क्रियाशील होते, असे सुचविणारे पुरावेही २०१० नंतरच्या दशकात पुढे आले. त्यामुळे अवधान आणि कार्यरत स्मृती ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत, असे म्हणता येत नाही. ती एकमेकांत गुंतलेली आहेत, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

शैक्षणिक फलित

स्मृती ही खोली मानली, की ती मोठी करण्याचा मोह होतो. २००० नंतर स्मरणशक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या संगणकीय सरावांचा मोठा प्रसार झाला. २०१० मध्ये एड्रियन ओवेन व सहकाऱ्यांनी ११,४३० व्यक्तींवर सहा आठवडे केलेल्या अभ्यासात, सराव केलेल्या कामांत सुधारणा झाली; पण सराव न केलेल्या, अगदी मिळत्याजुळत्या कामांतही तिचा लाभ झाल्याचा पुरावा मिळाला नाही. खोली वाढविण्याच्या प्रयत्नांची मर्यादा यावरून लक्षात येते.

याउलट, मर्यादा बदलत नाही असे गृहीत धरूनही तिच्यावरील भार कमी करता येतो. एका पडद्यावर आकृती, लांब मजकूर, सजावटीची चित्रे आणि हलणारी अक्षरे एकत्र दाखविली, तर विद्यार्थ्याच्या मोजक्या जागांसाठी अनावश्यक गोष्टींचीही स्पर्धा सुरू होते; आणि तिची सर्वाधिक झळ ज्यांची गाळणी दुबळी आहे त्यांनाच बसते. फळ्यावर टप्प्याटप्प्याने आकृती काढणारा शिक्षक प्रत्येक टप्प्यावर कोठे पाहावे हे आपोआप सांगत असतो. हॅमिल्टन यांनी सांगितलेली गटबांधणी हेही असेच साधन आहे. अनुभवी वाचकाला शब्द हे एक एकक असते. नवशिक्याला प्रत्येक अक्षर वेगळे असते. दृश्य पुढे सरकल्यानंतर 'मघाच्या आकृतीतील डावी बाजू आठवा' असे सांगणे हा तर वर्गात दिलेला मागे वळण्याचा इशाराच होय. प्रयोगशाळेतील निष्कर्ष वर्गात जसेच्या तसे लागू होतात असे गृहीत न धरताही त्याचा विचार करण्यासारखा आहे.

समारोप

हॅमिल्टन यांच्या गोट्यांपासून पॅनिचेलो व बुशमन यांच्या प्रयोगापर्यंत या विषयाने एक पूर्ण वळण घेतले आहे. आरंभी एकच असलेला प्रश्न विसाव्या शतकात स्मृती आणि अवधान अशा दोन शाखांत विभागला गेला. विभागणीमुळे दोन्हींचे सूक्ष्म मोजमाप शक्य झाले, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु मोजमाप जसजसे नेमके होत गेले, तसतसा प्रत्येक शाखेला आपल्या आकड्यात दुसरीचा वाटा आढळू लागला. स्मृतीच्या म्हणून ओळखलेल्या पेशी मोठ्या प्रमाणात अवधानाच्या निघाल्या. अवधानाचा झुकाव स्मृतीने ठरविलेला निघाला. आणि धारणक्षमतेचे माप म्हणून आलेला 'चार' हा आकडा काही अंशी निवडीच्या कौशल्याचे माप ठरला.

जेव्हन्स यांना १८७१ मध्ये मिळालेला आकडा आजही जवळपास तोच आहे. बदलला आहे तो त्याचा अर्थ. परीक्षेत किंवा वर्गात मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत 'याच्या डोक्यात किती मावते' या प्रश्नाच्या जोडीला 'याच्या डोक्यात आत्ता नको असलेले काय शिरले आहे, आणि ते आपण तर घातले नाही ना' हा प्रश्न विचारणे या इतिहासाने आवश्यक केले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाच्या हाती फारसे नाही. दुसऱ्याचे बऱ्याच अंशी आहे.